गुडघ्याचा आवाज आणि कूर्चेची झीज : ध्वनिआधारित पूर्वनिदानाचे तंत्र व हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना :

ग्रामीण भागात पन्नाशी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांशी थोडा वेळ बोलत बसले की गुडघ्यांचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. 'उठताना गुडघे वाजतात', 'वाटीत करकर होते', 'वंगण संपले' ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. ही भाषा वैद्यकीय ग्रंथांतील नाही. परंतु तिच्यात एक अचूक निरीक्षण दडलेले आहे. सामान्य माणसाने वेदनेइतकेच आवाजालाही आजाराचे लक्षण मानलेले आहे. क्ष-किरण चित्रात गुडघ्याची झीज स्पष्ट दिसू लागते तेव्हा ती बरीच पुढे गेलेली असते. त्यापूर्वीच्या अवस्थेचा सुगावा या आवाजावरून लागू शकेल काय, हा प्रश्न शल्यविशारद आणि अभियंते गेली शंभरहून अधिक वर्षे विचारीत आले आहेत.

प्रस्तुत लेखात या तंत्रामागील भौतिकशास्त्रीय तत्त्व व त्याची आजवरची वाटचाल यांचा परामर्श घेतला असून, हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात त्याचा उपयोग व्हावयाचा असेल तर नेमकी अडचण कोठे आहे, हे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यक नव्हे. त्यामुळे उपचारांविषयी आवश्यक तेवढेच लिहिले आहे. लेखकाच्या मते अडचण उपकरणाची नाही. ती नोंदींची आहे, म्हणजेच आजवर कोणाचे गुडघे ऐकले गेले आणि कोणाचे नाहीत, याची आहे.

कूर्चा आणि तिची मूक झीज :

गुडघ्याच्या सांध्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी ही तीन हाडे एकत्र येतात. जेथे ती एकमेकांवर सरकतात तेथे त्यांच्या पृष्ठभागावर साधारणतः २ ते ४ मिलिमीटर जाडीचा पांढुरका, गुळगुळीत व लवचीक थर असतो. हीच कूर्चा होय. तिच्या वजनापैकी ६५ ते ८० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात कोलॅजेनचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकनचे रेणू असतात. पाय जमिनीवर टेकून भार आला की कूर्चेतील थोडे पाणी बाहेर झिरपते व भार हटला की ते परत शोषले जाते. या व्यवस्थेमुळे निरोगी सांध्यातील घर्षण इतके कमी असते की बर्फावर बर्फ घसरतानाचे घर्षणही त्याहून अधिक भरते.

कूर्चेचा एक विशेष मात्र रुग्णाच्या मुळावर येतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि चेतातंतूही नसतात. रक्तपुरवठा नसल्यामुळे तिची जखम सहजासहजी भरून येत नाही आणि चेतातंतू नसल्यामुळे ती दुखत नाही. आपण ज्याला गुडघेदुखी म्हणतो ती वेदना सांध्याचे अस्तर, कूर्चेखालील हाड, स्नायुबंध यांच्याकडून येते. म्हणजे दुखू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे झीज मुकाट्याने चालू असू शकते. या विकारास ऑस्टिओआर्थ्रायटिस असे म्हणतात. आयुर्वेदात संधिगत वात या नावाने त्याच्याशी जुळणारे वर्णन आढळते. चरकसंहितेत अशा सांध्याची सूज वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखी हाताला लागते, असे सांगितले आहे. तेथे निदान स्पर्शावर उभे आहे, आवाजावर नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

निदानाची रूढ पद्धत क्ष-किरण चित्राची आहे. केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली ० ते ४ अशी श्रेणी आजही वापरात आहे. परंतु क्ष-किरणांत कूर्चा स्वतः दिसतच नाही. दोन हाडांमधील अंतर कमी झाले, कडेला हाडाचे काटे वाढले, की त्यावरून कूर्चा झिजली असे अनुमान काढले जाते. एमआरआय तपासणीत कूर्चा दिसते, पण तिचा खर्च काही हजार रुपयांचा असतो व ती गावोगावी नेता येत नाही. दुर्बिणीतून सांध्याच्या आत पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग खरा, तथापि ती शस्त्रक्रिया आहे. निरोगी दिसणाऱ्या माणसावर केवळ तपासणीसाठी ती कोणी करणार नाही.

आजाराच्या व्याप्तीविषयी महाराष्ट्रातीलच एक महत्त्वाचा अभ्यास उपलब्ध आहे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमांतर्गत घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. त्यात सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंचा त्रास असल्याचे आणि सुमारे ५.८ टक्के प्रौढांना ऑस्टिओआर्थ्रायटिस असल्याचे आढळले. याउलट २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील पाच ठिकाणच्या पाहणीत ४० वर्षांवरील व्यक्तींमध्ये गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण २८.७ टक्के भरले. या दोन आकड्यांत विसंगती वाटेल, परंतु पहिल्यात सर्व प्रौढ आहेत व निदान प्रामुख्याने लक्षणांवरून झालेले आहे, तर दुसऱ्यात केवळ चाळिशी ओलांडलेले लोक असून क्ष-किरण श्रेणीचा आधार घेतलेला आहे. आजार कोणत्या साधनाने शोधला यावर तो किती आहे याचे उत्तर अवलंबून राहते. ध्वनितंत्राचा विचार करतानाही हे विसरून चालणार नाही.

आवाज कोठून येतो :

विहिरीवरील मोटार बिघडली की अनुभवी मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरचे टोक मोटारीच्या अंगाला लावतो आणि मूठ कानाशी धरतो. बेअरिंग खराब आहे की नाही हे तो मोटार न उघडता सांगतो. गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात तेव्हा ऊर्जा फारशी वाया जात नाही. पृष्ठभाग खडबडीत झाला की तो क्षणभर अडतो, मग सुटतो, पुन्हा अडतो. या अडण्या-सुटण्यातून सूक्ष्म कंपने निर्माण होतात व घन पदार्थातून बाहेरच्या आवरणापर्यंत पोचतात. ध्वनिआधारित गुडघा-तपासणीचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की मोटारीचे आवरण लोखंडी असते आणि गुडघ्याचे आवरण त्वचा व चरबी यांचे असते. त्वचा-चरबी उच्च वारंवारतेची कंपने मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. सुदैवाने वाटीवर मांस जवळजवळ नाही. म्हणूनच बहुतेक संशोधकांनी आपला संवेदक वाटीच्या मध्यावर बसविला आहे.

तथापि गुडघ्यातून येणारा प्रत्येक आवाज झिजेचा नसतो. बोटे मोडताना होतो तसा एकच 'कट्' असा आवाज सांध्यातील द्रवात पोकळी निर्माण झाल्याने होतो. अन्सवर्थ, डाउसन व राइट यांनी १९७१ मध्ये याचा अभ्यास केला आणि २०१५ मध्ये कॅनडातील ग्रेगरी कॉचुक यांच्या गटाने एमआरआयच्या साहाय्याने ती पोकळी निर्माण होताना प्रत्यक्ष पाहिली. हा आवाज निरुपद्रवी समजला जातो. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नासहून अधिक वर्षे केवळ डाव्याच हाताची बोटे मोडली व दोन्ही हातांत फरक आढळला नाही असे नोंदविले. त्यांना २००९ मध्ये 'इग नोबेल' हे विनोदी पारितोषिक मिळाले. अर्थात एका माणसाचे दोन हात म्हणजे संशोधन नव्हे, परंतु वर्गात विद्यार्थ्यांना 'नियंत्रित प्रयोग' ही संकल्पना समजावून देण्यास हे उदाहरण फार उपयोगी पडते. दुसरा आवाज कंडरा हाडाच्या उंचवट्यावरून सरकताना होतो. तिसरा म्हणजे पाय हलत असेपर्यंत चालू राहणारी खरखर. झिजेच्या दृष्टीने महत्त्व आहे ते मुख्यतः या तिसऱ्या आवाजाला.

केवळ रुग्णाच्या सांगण्यावरूनही या आवाजाला अर्थ असल्याचे दिसते. अमेरिकेतील एका दीर्घकालीन प्रकल्पातील ३,४९५ व्यक्तींना त्यांचे गुडघे किती वेळा वाजतात हे विचारण्यात आले व पुढील चार वर्षे त्यांची प्रकृती पाहण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 'नेहमीच वाजतात' असे सांगणाऱ्यांमध्ये पुढे लक्षणांसह आजार उद्भवण्याची शक्यता 'कधीच वाजत नाहीत' म्हणणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळली. येथे कोणतेही यंत्र नव्हते. फक्त प्रश्न होता. म्हणजे आजीबाईंच्या 'करकर होते' या तक्रारीला संख्याशास्त्रीय वजन आहे.

स्टेथोस्कोपपासून संगणकापर्यंत :

लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला तो छातीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शल्यविशारद हूटर यांनी श्रवणयंत्राचा उपयोग सांध्यासाठी केला. १९०२ मध्ये बोस्टन येथील ब्लॉजेट यांनी गुडघ्याच्या आवाजांविषयी निबंध लिहिला, तर १९२९ मध्ये वॉल्टर्स यांनी सुमारे १,६०० सांधे ऐकून आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९३३ मध्ये अर्ब यांनी विद्युत संवेदक वापरून आवाजाची नोंद घेण्याचा प्रयत्न केला. कान हे उत्तम साधन असले तरी त्याला कागदावर नोंद ठेवता येत नाही. शिवाय गुडघ्याची पुष्कळशी कंपने इतक्या कमी वारंवारतेची असतात की ती ऐकूच येत नाहीत. १९८७ मध्ये बेलफास्ट येथील मोलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेवर बसविलेल्या कंपनमापकाच्या साहाय्याने गुडघ्याच्या विकारांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतीला व्हायब्रोआर्थ्रोग्राफी, म्हणजे सांध्याचे कंपनलेखन, असे नाव आहे.

कॅल्गरीचे गुडघे :

या क्षेत्रात सर्वाधिक चर्चिले गेलेले काम कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात झाले. त्याचे सूत्रधार रंगराज रंगय्यन हे मूळचे कर्नाटकातील. मंड्या येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९७६ मध्ये पदवी व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून १९८० मध्ये पीएच.डी. मिळवून ते कॅनडात गेले. त्यांच्या गटाची पद्धत समजून घेणे उद्बोधक आहे, कारण पदवीस्तरावरील भौतिकशास्त्राच्या पलीकडचे तिच्यात फार थोडे आहे.

व्यक्तीला टेबलावर पाय लोंबते सोडून बसविले जाते. वाटीच्या मध्यावर छोटा त्वरणमापक चिकटवितात. पाय १३५ अंशांच्या स्थितीपासून पूर्ण सरळ होईपर्यंत उचलावयाचा व पुन्हा खाली आणावयाचा. या एका झोक्यास ४ सेकंद लागतात. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६७ अंश. संकेतातील १० हर्ट्झपेक्षा कमी व १,००० हर्ट्झपेक्षा जास्त वारंवारतेचा भाग गाळून टाकतात व उरलेल्या संकेताचे दर सेकंदाला २,००० नमुने घेतात. नायक्विस्टच्या नियमानुसार १,००० हर्ट्झपर्यंतचा संकेत नोंदविण्यास एवढे नमुने लागतातच. अशा रीतीने एका झोक्यातून सुमारे ८,००० अंकांची मालिका हाती येते. झोक्याच्या कोणत्या क्षणी पाय कोणत्या कोनात होता हेही नोंदविले की कंपन सांध्याच्या कोणत्या भागातून आले असावे याचा अंदाज बांधता येतो.

या ८,००० अंकांतून निदान कसे करावयाचे? निरोगी गुडघ्याचा संकेत तुलनेने संथ असतो, झिजलेल्याचा अधिक चंचल. ही चंचलता मोजण्याच्या अनेक युक्त्या आहेत. सर्वांत सोपी म्हणजे संकेताचा आलेख किती वेळा दिशा बदलतो हे मोजणे. दुसरी 'आकार गुणांक' काढण्याची. संकेताच्या बदलाच्या दराचे विचरण भागिले मूळ संकेताचे विचरण, याचे वर्गमूळ काढले की एक राशी मिळते. तीच राशी बदलाच्या दरासाठीही काढावयाची आणि दुसरीला पहिलीने भागावयाचे. शुद्ध ज्या-तरंगासाठी हे गुणोत्तर १ येते. तरंग जितका गुंतागुंतीचा तितके ते वाढते. एम.एस्सी.चा विद्यार्थी हे गणित एका दुपारी संगणकावर करू शकेल.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृष्णन, रंगय्यन व सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात ९० संकेतांवर सुमारे ६९ टक्के अचूकता मिळाली होती. त्यानंतर त्याच संग्रहातील ८९ संकेत, म्हणजे ५१ निरोगी व ३८ सदोष, जगभरच्या संशोधकांनी वापरले. चीन, कॅनडा आणि भारत येथून त्यावर निबंध निघत राहिले. आपल्या शेजारी गोव्यात, झुआरीनगर येथील बिट्स पिलानीच्या के. के. बिर्ला परिसरातील प्रा. अमलिन प्रिन्स व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्गीकरणाचे कामही याच संग्रहावर आधारलेले आहे. गणिती पद्धती सुधारत गेल्या आणि अचूकतेचे आकडे ९० टक्क्यांच्या पुढे गेले. प्रत्येक निबंध आपापल्या जागी प्रामाणिक व उपयुक्त आहे. पण एकत्रितपणे पाहिले असता प्रश्न पडतो : पाचपंचवीस गट तेच ८९ गुडघे पुन्हापुन्हा तपासत असतील तर वाढलेली अचूकता गुडघ्यांच्या ज्ञानाची की त्या ८९ नोंदींच्या परिचयाची? जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रश्न पाठ करून त्याच प्रश्नपत्रिकेत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे.

याहून गंभीर मर्यादा दुसरी आहे. संग्रहातील सदोष गुडघे ज्यांचे होते त्या रुग्णांची दुर्बिणीतून तपासणी ठरलेली होती. म्हणजे त्यांना त्रास आधीच होता व ते शल्यविशारदापर्यंत पोचलेले होते. निरोगी आणि उघड आजारी यांतील फरक यंत्राला कळतो, एवढे यातून सिद्ध होते. आपल्याला हवे आहे ते वेगळेच. आज ज्याला काहीच त्रास नाही, पण दहा वर्षांनी होणार आहे, असा गुडघा ओळखता येतो काय? त्याचे उत्तर एकदाच घेतलेल्या नोंदीतून मिळणे शक्य नाही. त्याच माणसाकडे वर्षानुवर्षे परत जावे लागते. 'पूर्वनिदान' हा शब्द या विषयावरील लेखनात जरा सैलपणे वापरला जातो, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

इतर ध्वनिमार्ग :

इंग्लंडमधील लँकेस्टर परिसरातील संशोधकांनी कंपनांऐवजी 'अकूस्टिक एमिशन' या पद्धतीचा अवलंब केला. पुलांच्या व दाबपात्रांच्या तडा शोधण्यासाठी अभियंते ही पद्धत वापरतात. तिच्यात माणसाला ऐकू न येणाऱ्या, उच्च वारंवारतेच्या क्षणिक लहरी टिपल्या जातात. त्यांनी रुग्णाला लोंबता पाय हलविण्याऐवजी खुर्चीवरून उठून पुन्हा बसण्यास सांगितले, हे विशेष. भाराखालील सांधा आणि मोकळा सांधा यांचा आवाज सारखा असत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथे ओमर इनान यांच्या गटाने २०१६ च्या सुमारास गुडघ्याभोवती बांधावयाच्या पट्ट्यात सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवून पाहिले. दुखापतीनंतर सांधा कसा सुधारतो आहे हे घरच्या घरी कळावे, हा त्यामागील हेतू होता.

वरील सर्व पद्धती केवळ ऐकण्याच्या आहेत. सोनोग्राफीत यंत्र स्वतः ध्वनी सोडते व प्रतिध्वनी ऐकते. गुडघा पूर्ण दुमडून वाटीच्या वरच्या बाजूने पाहिले असता मांडीच्या हाडावरील कूर्चेचा काळा पट्टा तीत चांगला दिसतो व त्याची जाडी मोजता येते. तांत्रिकदृष्ट्या हा मार्ग अधिक थेट आहे. परंतु आपल्याकडे सोनोग्राफी यंत्र १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते. नोंदणीकृत केंद्र व पात्र डॉक्टर यांवाचून ते वापरता येत नाही आणि गावोगावी फिरविता येत नाही. मराठवाड्यातील मुलींच्या घटलेल्या प्रमाणाचा इतिहास पाहता ही बंधने योग्यच आहेत. गुडघ्यावर चिकटविलेला त्वरणमापक मात्र काहीच सोडत नाही. तो फक्त ऐकतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला आणि खेड्यातील शिबिराला झेपेल असा मार्ग म्हणून लेखकाचा कल कंपनलेखनाकडे आहे.

हिंगोलीचा संदर्भ :

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. सोयाबीन, कापूस, तूर, हळद ही येथील पिके. या पिकांची पुष्कळशी कामे गुडघ्यांवर बसूनच होतात. खुरपणी उकिडवे बसून सरकत सरकत करावयाची, सोयाबीन विळ्याने कापताना वाकून किंवा अर्धवट बसून पुढे जावयाचे, हळद काढल्यावर कंद मोडण्याचे काम जमिनीवर बसून चालावयाचे. यांपैकी खुरपणीचे काम तर जवळजवळ पूर्णतः स्त्रियांकडे आहे. त्याच स्त्रिया घरी येऊन चुलीपुढे, धुणी-भांड्यांपुढे पुन्हा उकिडव्या बसतात. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात वाटी व मांडीचे हाड यांमधील दाब पुष्कळ वाढतो.

उकिडवे बसण्याचा गुडघ्याच्या झिजेशी संबंध असल्याचे चीनमधील बीजिंग येथील अभ्यासात आढळले आहे. तरुणपणी दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्या वृद्धांमध्ये गुडघ्याच्या आजाराचे प्रमाण अधिक होते. कॅल्गरीच्या संग्रहातील माणसे खुर्चीच्या संस्कृतीतील होती. ज्या गुडघ्याने तीस वर्षे खुरपणी केली त्याचा 'निरोगी' आवाज कसा असतो, हे त्या संग्रहावरून कळण्याची शक्यता नाही. कदाचित आपल्याकडील निरोगी गुडघाही अधिक खरखरत असेल आणि परदेशी नोंदींवर शिकलेले यंत्र त्याला आजारी ठरवील. उलटही होऊ शकेल.

यंत्राच्या चुकीची किंमत किती असते हे एका काल्पनिक गणिताने पाहू. समजा, एका गावात १,००० प्रौढांची तपासणी केली व त्यांपैकी खरोखर १०० जणांच्या कूर्चेस इजा आहे. यंत्र आजारी व निरोगी दोघांनाही ८५ टक्के वेळा बरोबर ओळखते. मग १०० आजाऱ्यांपैकी ८५ सापडतील, १५ निसटतील. उरलेल्या ९०० निरोगी व्यक्तींपैकी १३५ जणांना यंत्र चुकून आजारी म्हणेल. म्हणजे 'तुमच्या गुडघ्यात दोष आहे' असे ज्या २२० जणांना सांगितले जाईल त्यांपैकी १३५ जण निरोगी असतील. ८५ टक्के हा आकडा शोधनिबंधात भारदस्त दिसतो. गावात मात्र दर पाच इशाऱ्यांपैकी तीन खोटे ठरतात. त्यातील किती जण तेलवाल्यांकडे, जडीबुटीवाल्यांकडे व पट्टे विकणाऱ्यांकडे जातील आणि किती स्त्रिया धास्तीने चालणे-फिरणेच कमी करतील, याचा विचार शिबिर घेणाऱ्याने आधी केला पाहिजे. चालणे कमी केल्याने गुडघ्याचे नुकसानच होते.

मग लवकर कळून उपयोग काय, असा प्रश्न विचारला जाईल. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे सिद्ध औषध आजही नाही. परंतु मांडीच्या पुढील स्नायूंचा व्यायाम आणि वजनावर नियंत्रण यांचा लाभ निर्विवाद आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९९२ च्या अभ्यासानुसार दहा वर्षांत सुमारे ५ किलो वजन कमी झालेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याचा त्रासदायक आजार होण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली. २००५ मधील दुसऱ्या एका अभ्यासात शरीराचे वजन १ किलोने कमी झाल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे दिसले. शेवटच्या अवस्थेत सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया उरते. २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली व सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरविली. ती मोठी सवलत होती, पण शेतमजूर कुटुंबाचा विचार केल्यास शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसता येत नाही, ही अडचण किमतीहून मोठी आहे. जिचे काम उकिडव्या बैठकीचे आहे तिच्या दृष्टीने गुडघा बदलणे म्हणजे कामही बदलणे होय. म्हणून तिच्या बाबतीत झीज आधी कळण्याला अधिक मोल आहे.

या दृष्टीने महाविद्यालयांना करता येण्याजोगे काम निदानाचे नाही, नोंदींचे आहे. हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पूर्वी अशा कामात वैद्यकीय मार्गदर्शनासाठी नांदेड गाठावे लागले असते. आता ते जिल्ह्यातच मिळू शकते. भौतिकशास्त्र वा इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे त्वरणमापकाची छोटी चिप, तिला जोडावयाचे सूक्ष्मनियंत्रक व संगणक एवढे असले तरी प्रारंभ होतो. सेकंदाला २,००० हून अधिक नमुने घेणाऱ्या चिपा काही शे रुपयांत मिळतात. त्यांचा स्वतःचा विद्युतगोंगाट मात्र महागड्या संवेदकांपेक्षा अधिक असतो. म्हणून प्रथम संवेदक निश्चल टेबलावर ठेवून त्याची नोंद घ्यावी व तीही संग्रहात जपावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर दरवर्षी एखाद्या दत्तक गावात होते. तेच गाव पाच-सात वर्षे कायम ठेवल्यास त्याच व्यक्तींकडे पुन्हापुन्हा जाणे शक्य होईल. दरवर्षी गाव बदलण्याची आपली प्रथा या कामाला मारक आहे.

प्रत्येक नोंदीसोबत वय, वजन, उंची, कामाचे स्वरूप, दिवसातून किती तास उकिडवे बसावे लागते, पूर्वीची दुखापत आणि 'गुडघा वाजतो का' या प्रश्नाचे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या शब्दांतील उत्तर लिहून घ्यावे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिविषयक समितीची मान्यता, मराठीतून वाचून दाखविलेले संमतिपत्र आणि नावाऐवजी क्रमांक या तीन गोष्टींवाचून एकही नोंद घेऊ नये. शिबिरात कोणालाही निकाल सांगू नये. ज्यांना वेदना आहे त्यांना थेट डॉक्टरांकडे पाठवावे. त्यासाठी यंत्राची गरजच नाही.

नोंद कोणत्या महिन्यात घ्यावयाची हेही ठरवून घ्यावे लागेल. खुरपणीच्या ऐन हंगामात थकलेल्या स्नायूंची कंपने संकेतात मिसळतात व स्नायूंचा हा आवाज गाळणीतूनही पूर्णतः जात नाही. पेरणीपूर्वी मे महिन्यात एकदा आणि सोयाबीनची कापणी आटोपल्यावर एकदा, अशा दोन नोंदी घेतल्यास एका हंगामाचा परिणामही तपासता येईल. मात्र ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती थेट उन्हाळ्यात परततात. त्यांची दुसरी नोंद दिवाळीपूर्वीच घ्यावी लागेल, अन्यथा ज्यांच्या गुडघ्यांवर भार सर्वाधिक त्यांचीच पाने संग्रहात कोरी राहतील.